बाहेरून लावलेली कडी

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी आज पर्मनंट असतो.

१९८० सालचा मार्च. कासारवाडी, रेल्वे लायनीकडची पत्र्याची चाळ. वेळ भर दुपारची. भुतांनी रात्री यावं असा रिवाज आहे, पण रात्री आमच्या घरी कोणी नसायचं. मी रातपाळीला असायचो.

आधी आजीबद्दल सांगतो.

यशोदाबाई. वडील कंपनीत लागले तशी त्यांच्यामागून साताऱ्याकडून आली. वडलांना कायम रातपाळी. दिवसा त्यांची झोप मोडू नये म्हणून ती दाराला बाहेरून कडी घालायची आणि ओट्यावर सूप घेऊन बसायची. कडी दिसली की लोक समजायचे, घरात कोणी नाही. तरी कोणी आलंच, तर ओठावर बोट.

"श्श... पोरगं झोपलंय."

पोस्टमन, भंगारवाला, लग्नाची आमंत्रणं, सगळे परत जायचे. एकदा तिने कावळ्याला असं दटावलं, की तो पुढे शेजारच्या चाळीत राहायला गेला.

स्वतः तिने दुपारी कधी डोळा लावला नाही. वडील रिटायर होऊन गावी गेले, आजी राहिली. कारण आता मी कंपनीत लागलो होतो. पोरगं बदललं, कडी तीच.

गेली तीही ओट्यावर बसूनच. सगळी चाळ तिच्यासमोरून चवड्यांवर चालत राहिली. आत मी. बाहेरून कडी. उठून हाका मारल्या...

आजी उघडेना.

अंधार पडताना शेजारच्या छबूबाईंनी कडी काढली, तेव्हा कळलं.

तेराव्यानंतर कामावर गेलो. मी टेंपररी. साहेब म्हणाले, "उद्या दुपारी दोनला ये. मोठे साहेब स्वतः बघून पर्मनंट करणार आहेत. जो हजर नाही, तो गेला."

पाळी संपवून सकाळी घरी आलो. दार नुसतं लोटून घेतलं. कडी घालायला आता कोण होतं?

जाग आली ती शांततेने.

नळावर भांडण नाही. पोरांचा गलका नाही. लायनीवरून गाडी गेली... आवाज न करता. गजांतून नुसते डबे सरकताना दिसले.

एक वाजला होता. दार ओढलं.

बाहेरून कडी.

खिडकीशी गेलो. छबूबाई समोरच गहू निवडत होत्या.

"छबूबाई, कडी काढा."

त्यांनी मान वर केली नाही.

मी ओरडलो. गजांवर जेवणाचा डबा आपटला. झाकण निघून खाली पडलं. तेही आवाज न करता.

तेवढ्यात रंगराव आला. माझ्याच खात्यातला, माझ्यासारखाच टेंपररी. मला घ्यायला आला होता.

"ज्योत्या उठला का? दोनला पोचायचंय."

"हळू बोल की रं," छबूबाई कुजबुजल्या. "घोरतोय आत. ऐकू येतंय न्हवं?"

रंगरावने खिडकीला कान लावला. कान माझ्या तोंडापासून वीतभर. मी त्या कानात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"व्हय की," तो म्हणाला. "लईच दमलंय. झोपू दे."

आणि चवड्यांवर निघून गेला.

मग मलाही ऐकू आलं...

घोरणं. मागून, कॉटवरून. माझंच.

मी वळून बघितलं नाही.

दारापलीकडे सूप पाखडल्याचा आवाज यायला लागला. संथ.

"आजी," मी म्हणालो, "झोप झाली माझी. जाऊ दे. नोकरीचा प्रश्न आहे."

सूप थांबलं.

"डोळं लाल हायत अजून. पड जरा."

मी पडलो. तिच्याशी वाद घालून वडीलही कधी जिंकले नव्हते.

उठलो तेव्हा संध्याकाळ होती, दार सताड उघडं. रंगराव पेढे घेऊन आला. तो पर्मनंट झाला होता.

साहेबांना दया आली. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. त्या सकाळी मी घरी गेलोच नाही. कासारवाडी स्टेशनच्या बाकावर बसलो. दार नाही, कडी नाही. चहावर चहा घेतला.

तरी डोळा लागला असणार.

उघडला तेव्हा उन्हं कलली होती. फलाट माणसांनी भरलेला. सगळी माझ्याकडे पाठ करून उभी... ओठांवर बोट ठेवून. गाडी उभी होती. गार्डने शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवत नव्हता.

कंपनी तिसऱ्यांदा बोलावत नाही.

अजून टेंपररीच आहे. टेंपररीला रातपाळीच मिळते. छबूबाई म्हणतात, "तब्येत सुधारली रं तुजी." सुधारणारच. झोप पुरी होते.

भीती एकाच गोष्टीची वाटते. झोप पुरी झाली की नाही, हे मी ठरवत नाही.

परवा उठलो, तो मंगळवार होता.

झोपलो होतो रविवारी.