चार वाजताचा आकडा

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर आता जिकडे तिकडे मोबाइलची दुकानं झाली आहेत. तीबाला मात्र तिथून जाताना अजूनही जुनाच रस्ता दिसतो... विद्यापीठाच्या फाटकासमोरचा, जनरेटरच्या धुरानं डोळे चुरचुरवणारा. आणि ते बोळाएवढं दुकान, ज्याच्या दारावर पाटी होती – ‘विकलेल्या मालाची गॅरंटी नाही.’

त्या मे महिन्यात ती तिथे शिरली ती केवळ शेजारचं मोठं दुकान दुपारचं बंद होतं म्हणून. वास्तुकलेचं शेवटचं वर्ष होतं. प्रकल्पाची चित्रं लवकर व्हावीत म्हणून वर्गातल्या एका हुशार मित्रानं तिच्या कॉम्प्युटरचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे चढवून ठेवला होता. त्यात बगदादचा उन्हाळा! चित्र अर्ध्यावर आलं की मशीन तापून गप्पकन बंद पडायचं.

“मेमरी वाढवायची आहे. आणि एक मोठा कूलर, प्रोसेसरवर बसवायचा.”

काउंटरमागच्या तरुणानं मान वर केली. सरमद त्याचं नाव. गालावर प्रोसेसरला लावायच्या करड्या पेस्टचा एक ठिपका होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

तीबानं कपाटातली लाल, उंच, कंगव्यासारख्या दात्यांची मेमरी उचलली. “ही द्या.”

“दिसायला छान आहे, इंजिनीअरबाई. पण हा मोठा कूलर मेमरीच्या डोक्यावर पंखा पसरून बसतो. एवढी उंच मेमरी त्याच्याखाली मावायची नाही.”

“मग कूलर बुटका द्या.”

“बुटका जूनमध्ये मान टाकेल. कूलर मोठाच घ्या, मेमरी साधी घ्या. झाकण लावल्यावर तिला बघायला कोण येणार आहे?”

“म्हणजे साधंच बरं म्हणायचं?”

“जे एकमेकांशेजारी मावतं... ते बरं,” तो म्हणाला, आणि मग कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन उगाचच स्क्रू शोधू लागला.

त्या रस्त्यावर प्रत्येक मुलीला ‘ताई’ म्हणायची रीत होती. यानं एकदाही म्हटलं नाही, हे घरी पोचल्यावर तीबाच्या लक्षात आलं. खरं सांगायचं तर तिथेच आलं होतं.

कूलर बसवायला तो घरी आला, तेव्हा तिचा थोरला भाऊ मुंतझिर खुर्ची टाकून फौजदारासारखा समोर बसला. सरमदनं खाली मान घालून काम उरकलं. निघताना म्हणाला, “रोज दुपारी चारला, ऊन कडक असताना, मशीनचं तापमान मला कळवायचं. नुसता आकडा पाठवला तरी चालेल. नाहीतर गॅरंटी जाते.”

“पाटीवर तर लिहिलंय, गॅरंटी नाही म्हणून,” तीबा म्हणाली.

“ती पाटी... वडिलांच्या वेळची आहे.”

मग रोज चारला तिच्या बटणांच्या फोनवरून आकडा जाऊ लागला. ७३. ७१. ७२. जनरेटरची वीज बेताची. मशीन चालू तर एसी बंद. “तुझ्या मशीनला वारा, आणि आम्ही शिजतोय,” आई कुरकुरायची. मुंतझिरनं एकदा फोन तपासला. आकड्यांवर आकडे बघून त्यानं तो परत दिला. आकड्यांवर काय संशय घ्यायचा?

उलट निरोप यायचा, ‘छान.’ एकदा ७६ गेले, तेव्हा आलं, ‘पंख्यावरची धूळ पुसा. पाणी पीत जा.’ पाणी काही मशीनला प्यायचं नव्हतं. ती तीन शब्दांची ओळ तीबानं किती वेळा वाचली, याचा हिशेब नाही.

गुरुवारी प्रकल्प जमा झाला. मशीन बंद केलं, आईनं एसी लावला, घर निवांत झोपलं. तीबाला मात्र चैन पडेना. काम संपलं म्हणून कळवलं, की संपलंच सगळं. शुक्रवारी चार वाजता तिनं बंद मशीनसमोर बसून चक्क थाप मारली – ७१. शनिवारी ७२. रविवारी पुन्हा ७१. ‘छान,’ ‘छान,’ ‘छान.’

सोमवारी ती तापानं फणफणली. चार वाजले, हात सवयीनं फोनकडे गेला. थाप मारायचंही त्राण नव्हतं. आईनं काखेतून काढलेल्या सेल्सिअसच्या थर्मामीटरवर जे दिसलं, तेच तिनं पाठवलं. ३९.

बगदादच्या जूनमध्ये खोलीच चाळिशीला टेकते. कुठलंही चालू मशीन एकोणचाळीसवर येत नाही, कूलर कितीही मोठा असो. त्या दिवशी ‘छान’ आलं नाही. काहीच आलं नाही... तीबानं उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. सरमदची आई, हातात सुक्या लिंबाच्या काढ्याचा थर्मास.

“पोराचा जीव थाऱ्यावर नाही, बाई,” ती तीबाच्या आईला म्हणाली. “म्हणतो, हा आकडा मशीनचा नव्हे. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, मशीन गुरुवारपासूनच बंद असणार. सगळ्यांचे प्रकल्प माझ्या दुकानासमोरच जमा झाले. तरी पोरगी रोज आकडा पाठवते. मी म्हटलं, आणि तू रोज घेतोस? तेव्हा कबूल केलं त्यानं, गॅरंटी म्हणून काही नव्हतीच.”

मुंतझिरनं बहिणीकडे पाहिलं. तीबा दाराची चौकट धरून उभी. अंग तापाचं होतं, चेहरा निराळ्याच कारणानं तापला होता.

आईनं पाहुणीपुढे चहा ठेवला. पाहुणीनं पेल्याला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. पाहुणा चहाला शिवत नाही म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, आणि होकार मिळेतो पिणार नाही, हे त्या घरात कुणाला सांगायला नको होतं. आईनं मुंतझिरकडे पाहिलं. मुंतझिरनं जमिनीकडे बघतच हळूच, जराशी, होकाराची मान हलवली. शेवटी आईची नजर तीबावर आली.

पेल्यावरची वाफ विरळ होत चालली होती. तीबा बऱ्याच दिवसांनी खरं बोलणार होती.

“मावशी... चहा घ्या ना. गार होतोय.”