चिमटा पडल्याचा आवाज

"वहिनी, अंगठी काढ बघू!" धाकटा दीर हसत हसत म्हणाला मात्र, आणि तिने झटकन हात पदराखाली घेतला...

जेवणाच्या टेबलावर त्याने कारखान्यातून आणलेली काळी पेटी मांडली होती. वर काचेची खिडकी, आत जांभळा दिवा. त्याच्या कारखान्यात प्रचंड दाबाखाली, भट्टीच्या उष्णतेत हिरे वाढवत. काही दागिन्यांत जात, आणि काहींच्या पातळ चकत्या कापून यंत्रांतल्या तापणाऱ्या चिपांखाली बसवत, कारण उष्णता ओढून घ्यावी ती हिऱ्यानेच! मामंजी, म्हणजे तिचे सासरे, जन्मभर अंगठ्यांत खडे बसवणारे कारागीर. ते या हिऱ्यांना 'कुकरातले हिरे' म्हणत आणि आपल्या कामाच्या मेजाला त्यांचा वाराही लागू देत नसत.

"बाबा, तुमच्या भिंगालाही फरक दिसायचा नाही," दीर सांगत होता. "पण दिवा विझवला की आमच्याकडचा हिरा थोडा वेळ निळा चमकत राहतो. जमिनीतला सहसा नाही राहत. आईच्या अंगठीवर बघू ना!"

आईची अंगठी! सासूबाईंनी शेवटच्या आजारात स्वतःच्या बोटातून काढून मोठ्या सुनेच्या बोटात घातलेली...

"बोट सुजलंय हो भाऊजी... निघायची नाही ती."

"मग साबण लाव की!"

"अगं दे ना," मामंजीही म्हणाले. "या दीडशहाण्याचं खेळणं बघू तरी."

नवरा गेल्यापासून ती मामंजींशेजारी बसून खडे बसवायला शिकली होती. हे घर सुटलं तर जायचं तरी कुठे? पण त्याहून भयंकर भीती वेगळीच होती. पाच वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाच्या अंगठीत हिरा बसवताना मामंजींचा हात थरथरला होता आणि बारीकसा 'टक्' आवाज झाला होता. त्यांनी दचकून विचारलं, तेव्हा ती चटकन म्हणाली होती, "काही नाही मामंजी, माझ्या हातून चिमटा पडला." प्रत्यक्षात हिऱ्याचा कोपरा उडाला होता! गिऱ्हाइकाला कारखान्यातला खडा देऊन फसवणं तिच्या मनाला शिवलंही नाही. त्याच रात्री तिने आपल्या अंगठीतला तेवढाच हिरा गुपचूप गिऱ्हाइकाच्या अंगठीत बसवला आणि स्वतःच्या अंगठीत... कुकरातला! आपल्या हातून खडा फुटला हे कळलं असतं, तर त्या मानी म्हाताऱ्याने पुन्हा हत्यार उचललं नसतं. जगलाच नसता तो!

साबण लावायचीही गरज पडली नाही. तिच्या घामेजल्या बोटातून अंगठी सहज निघाली. दिराने पडदे ओढले, अंगठी पेटीत ठेवली, दिवा लावला... आणि विझवला.

अंधारात हिरा निळा चमकत राहिला!

"वहिनी..." दिराचा आवाज चिरकला. "हा आईचा हिरा नाही! कुठाय तो? विकलास? माहेरी पाठवलास?"

ज्याला लहानपणी तिने घास भरवले, तोच विचारत होता! खरं एक वाक्य बोलली असती तर सुटली असती... पण समोर मामंजी बसले होते. तिने डोळे घट्ट मिटले.

"मी... मीच घालवला," ती कशीबशी म्हणाली. "मला हवं तर घराबाहेर काढा, पण काही विचारू नका हो!"

"गप्प बस रे तू!" मामंजी दिरावर कडाडले. त्यांनी पडदा सारला, अंगठी भिंगाखाली धरली आणि खडा धरणाऱ्या नख्या एकेक करून न्याहाळल्या. "या नख्या उघडून पुन्हा दाबल्यात. आणि दाबणारा हात मी शिकवलेला आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पोरी, त्या दिवशी चिमटा पडला म्हणालीस... पण चिमटा तर मेजावरच होता गं! मी पाहिला होता."

"मामंजी!"

"विचारायची छातीच झाली नाही माझी. पाच वर्षं रोज भीत भीत मेजावर बसलो. हिरा माझ्या हातून फुटला आणि भुर्दंड तू सोसलास! त्यात या कुकरातल्या हिऱ्यांना मी तुझ्यासमोर नावं ठेवत राहिलो..."

दिराला सगळा उलगडा झाला तसा तो मटकन खाली बसला आणि तिचे पाय धरून लहान पोरासारखा रडू लागला. "वहिनी, माझी जीभ झडो!"

"झडली तर जेवाल कशाने?" ती म्हणाली, आणि मग तिलाही हुंदका आवरेना.

मामंजींनी स्वतःच्या हाताने ती अंगठी तिच्या बोटात घातली. मग मेजाकडे जाऊन आपली खुर्ची बाजूला ओढली आणि तिचं स्टूल मधोमध, दिव्याखाली सरकवलं.

"आजपासून खडे तू बसवायचे."

"आणि तुम्ही, मामंजी?" तिने घाबरून विचारलं.

"मी आहे की शेजारी," थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवत ते म्हणाले. "चिमटा पडला, तर उचलून देईन."