देव्हाऱ्यातला कोरा कागद

“सही तुझीच आहे ना? हो की नाही, एवढंच सांग!”

काशीरामांनी चहाचा कप बशीत आदळून सुनेला, अक्षताला, विचारलं. सही तिचीच होती... नाही कसं म्हणणार? टेबलावर पालिकेची नोटीस पडली होती आणि सोबत एका प्रमाणपत्राची झेरॉक्स. घाटकोपरची जुनी इमारत आपण तपासली असून ती राहण्यास सुरक्षित आहे, असं स्ट्रक्चरल इंजिनियर अक्षताने लिहून दिल्याचं तो कागद सांगत होता. आणि दहाच दिवसांपूर्वी त्या इमारतीचा सज्जा कोसळून खाली फुलं विकणाऱ्या सुंदराबाईंचा पाय मोडला होता! आज अकरा वाजता सुनावणी होती.

“हो बाबा. माझीच आहे.”

“चाळीस वर्षं खांब ठोकून बघितल्याशिवाय मी पेन उघडलं नाही गो! आणि तू... एकदा जाऊन बघायचं तरी होतंस! आज चंद्रप्रकाश असता तर...”

पुढचं त्यांनी गिळलं, पण तिला ते ऐकू आलंच. तिचा नवरा चंद्रप्रकाश जाऊन सहा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी वयामुळे परवाना सोडलेला, धाकट्या दिराला, देवेशला, तो अजून मिळालेला नाही. तेव्हापासून मुलुंडच्या घराच्या दारावरची ‘काशीराम अँड सन्स’ ही पाटी अक्षताच्या एकटीच्या सहीवर उभी होती. पाटीवर मात्र तिचं नाव लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात देवेश मान खाली घालून उभा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा नऊ वर्षांचा, आईवेगळा पोर! त्याचा शाळेचा डबा तिने भरला, काविळीत त्याच्या उशाशी ती बसली. आता त्याच्या बायकोला, क्षमाला, सातवा महिना लागला होता.

या घरात एक रीत होती. दसऱ्याला टेप, हातोडी, रबरी शिक्का यांची पूजा झाली की परवानाधारकाने कोऱ्या लेटरहेडवर पहिला शिक्का मारून सही करायची, काशीरामांनी कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट टेकवायचं आणि तो कागद वर्षभर देवाखालच्या वस्त्रात ठेवायचा, काम मिळत राहावं म्हणून! कोऱ्या कागदावर सही करू नका, असं जगाला बजावणारी अक्षता दर दसऱ्याला हात जोडून तीच चूक करत आली होती. देवाच्या घरातून कागद कोण उचलणार?

नोटीस आली त्या दिवशी तिने वस्त्र उचललं. खाली काहीच नव्हतं. तेवढ्यात देवेशने तिचे पाय धरले होते.

“वहिनी, सोसायटीवाले डोक्यावर बसले होते यार... तू नाशिकला साइटवर. म्हटलं, आता देऊन टाकू, तू आलीस की इमारत दाखवतो. मग राहूनच गेलं गं! बाबांना सांगू नकोस. पोलीस केस होईल. क्षमाचं काय होईल, वहिनी?”

तिने त्याला उठवलं, डोळे पुसले... आणि स्वतः अडकली! खरं बोलावं तर हातांनी वाढवलेलं पोर तुरुंगात जाणार. इमारत मी तपासली होती म्हणावं, तर लोकांना वाटणार एक सज्जाच काय तो कच्चा होता, आणि अठ्ठावीस कुटुंबं त्याच छताखाली झोपत राहणार. आठ दिवस तिला घास गेला नव्हता.

सुनावणीला तिघंही गेले. अधिकारी शांतपणे म्हणाले, “मॅडम, बाकीची इमारत तुम्ही तपासलीय ना? तसं असेल तर रहिवाशांना लगेच हलवायला नको.”

सुटकेचं दार असं समोर उघडलं होतं! एक ‘हो’ म्हटलं की झालं. तिने देवेशकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

“नाही,” ती म्हणाली. “सही माझी आहे, पण मी त्या इमारतीत पाऊलही ठेवलेलं नाही. न बघता दिलं. माझा परवाना घ्या, गुन्हा नोंदवा... पण आजच्या आज माणसं बाहेर काढा हो!”

काशीरामांनी शरमेने तोंड फिरवलं. अधिकाऱ्यांनी तिथूनच इमारत रिकामी करण्यासाठी फोन लावला आणि मग जबाबासाठी फायलीतलं मूळ प्रमाणपत्र पुढे सरकवलं. झेरॉक्सवर जो नुसता काळा डाग होता, तो इथे लालपिवळा होता. काशीरामांनी कागद चष्म्याजवळ नेला आणि त्या डागावर आपलं बोट ठेवून पाहिलं.

“हे माझं बोट... अक्षता, हा कागद कोरा होता ना गो?”

ते देवेशकडे वळले.

“झिला... देवाखालून काढलास?”

देवेश भिंतीला टेकून खालीच बसला. “साहेब, मजकूर मी टाईप केला! वहिनीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं...” आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला.

“पण कोऱ्या लेटरहेडवर सही करणं हाही दोषच आहे,” अधिकारी म्हणाले. “चौकशी संपेपर्यंत परवाना स्थगित राहील.”

अक्षताने मान हलवली. बरोबरच होतं ते.

“ती रीत मी पाडली साहेब!” काशीराम पुढे आले. “तिचा नको, माझा परवाना घ्या!”

“काका, तुमच्याकडे परवाना आहेच कुठे?”

काशीरामांच्या हातात द्यायला काहीच नव्हतं. मग भरल्या कचेरीत त्यांनी सुनेपुढे हात जोडले आणि तिने ते घाईघाईने धरले.

“सही तुझीच ना, एवढंच विचारत राहिलो गो... तू असं करशील तरी कशी, हे एकदाही मनात आलं नाही माझ्या!”

त्या शब्दांसरशी आठ दिवस अडवलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

दुपारी जबाबासाठी देवेशला पोलीस चौकीत नेलं. दाराशी तो अडखळला.

“वहिनी... माझं तोंड बघशील ना परत?”

तिने पदराने त्याचा चेहरा पुसला, शाळेत सोडताना पुसायची तसाच.

“जे खरं आहे ते सगळं सांग,” ती म्हणाली. “संध्याकाळी डबा घेऊन येते.”