कोरा बिल्ला

बेपत्ता बिल्ला सापडला तो शाकीबच्या घरी, गादीखाली.

शाकीब अकोल्याच्या एका खासगी केंद्रात एक्स-रे काढायचा. छत्तिशीतच त्याचं हृदय खचलं. अंगावर किती किरणं पडली ते छातीवरचा बिल्ला टिपतो. तो तपासणीत कोरा निघाला. म्हणजे पठ्ठ्याने लावलाच नाही, दोष त्याचा, उपचाराचा भार केंद्रावर नाही, असं केंद्राचं म्हणणं. किरणांच्या सुरक्षेची सरकारी तपासनीस मनकर्णा गावंडे हिला इतकं सोयीचं काही पचत नसे.

ती इस्पितळात गेली. नवा बिल्ला यायचाच आहे, असं केंद्राचे व्यवस्थापक नत्थुजी दर वेळी सांगायचे, शाकीब खाटेवरून पुटपुटला. त्याची बायको इफ्फत म्हणाली, घरी बिल्ला कधी पाहिलाच नाही. घरी कोण आलं होतं? एकटे नत्थुजी, वरूडची संत्री घेऊन.

मनकर्णाने त्यांना तिथेच बोलावलं.

"बिल्ला शेवटचा कधी पाहिला?"

"दिवाळीच्या आंधी. नवा आला तसा यानं घरी नेला. मंग दिसलाच नाई."

"केंद्रात लक्ष्मीपूजन कोण करतं?"

"मीच. मशीन, चाव्या, गल्ला, साऱ्याले हळदकुंकू लावतो."

मनकर्णाने बिल्ला पुढे धरला. चिमट्याच्या फटीत हळदकुंकू सुकून बसलं होतं.

"शाकीबच्या घरी लक्ष्मीपूजन होत नाही, नत्थुजी. दिवाळीत हा तुमच्या गल्ल्यात होता. आकडा वाढला तर चौकशी लागेल, म्हणून तुम्ही तो किरणांपासून लांब ठेवला. शाकीब आजारी पडल्यावर भेटायला म्हणून गेलात आणि हा गादीखाली सरकवलात."

नत्थुजी खाली बसले. "मालकसाहेबाले ठाव नाई. केंद्र बंद पडलं असतं त साऱ्याच्या पोटावर पाय आला असता."

इफ्फतने विचारलं, "म्हंजे किरणानंच झालं हे?"

मनकर्णाला तिच्याकडे बघवेना. "सांगता येत नाही, ताई. थोडीथोडी किरणं वर्षानुवर्षं हृदयाचं काय करतात, ते डॉक्टर अजून शोधताहेत. आणि याच्या अंगावर किती पडली, तेही आता कधी कळणार नाही."

शाकीबने नत्थुजींना विचारलं.

"माह्या जागी आता कोन हाये?"

"आरती," नत्थुजी म्हणाले. ती त्यांची मुलगी.

"तिचा बिल्ला?" मनकर्णाने विचारलं.

नत्थुजींनी खिशातून गल्ल्याची किल्ली काढली आणि मनकर्णापुढे धरली.