थोडंच राहिलंय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी त्या दिवशी तिथे होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

रविवार होता. दुपारचे चार वाजत आले होते. बाहेर लख्ख ऊन.

माझा धाकटा भाऊ एका संशोधन संस्थेत काम करायचा. एवढी डॉक्टरेट मिळवली, पण घरी आम्ही त्याला अजून ठोंब्याच म्हणतो. त्याचं काम प्रोटीनवर. प्रोटीन म्हणजे एक लांबलचक धागा, जो स्वतःभोवती गुंडाळून विशिष्ट आकार घेतो. सूक्ष्मदर्शकातून त्याचे हजारो धूसर फोटो निघतात. त्यावरून खरा आकार कसा असेल, ते शोधणारे प्रोग्रॅम हा लिहायचा.

आकार जवळजवळ सापडला होता. फक्त एक कोपरा दिसत नव्हता. दोन वर्षं तो त्या कोपऱ्यापायी झिजला. करार महिनाअखेर संपणार होता. कोपरा सापडला तर नोकरी, नाहीतर घरी.

त्याच्या आधी याच प्रोटीनवर एकजण सहा वर्षं बसले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मास्तर तळघरातल्या संगणकखोलीत सापडले. खुर्चीत बसलेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांचं काम माझ्या भावाला मिळालं. आणि त्यांची खुर्चीही.

त्या रविवारी पाच वाजता बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. मी गाडी घेऊन भावाला न्यायला गेले.

"ताई, दहा मिनिटं. पंधरा दिवस संगणकावर चाललेलं गणित आज संपतंय. बघतो आणि आलोच," असं म्हणून, संगणकखोलीतल्या एसीच्या गारव्यासाठी करडा स्वेटर चढवून तो तळघरात उतरला.

मी वर वॉचमनच्या टेबलाशी बसले. तळघराला एकच जिना. माझ्यासमोरच.

दहा मिनिटं झाली. वीस झाली...

टेबलावरचा फोन वाजला. वॉचमनने उचलला. दोन वाक्यं ऐकली आणि हसला.

"काय सर, मस्करी करता काय? तुम्ही तर बाहेर आलात. हे काय, दिसताय मला."

त्याने टेबलावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बोट केलं. मी वाकून पाहिलं.

तळघराचा बोळ. त्यात पाठमोरा माझा भाऊ. तोच करडा स्वेटर. तसाच एक खांदा पाडून चालणारा.

मी रिसीव्हर घेतला.

"अरे, येतोयस ना? दिसतोयस तू मला."

पलीकडून धाप लागल्याचा आवाज आला.

"ताई... मी आत आहे गं. दार उघडत नाहीये."



पडद्यावरचा तो... अजून चालतच होता.

आत काय घडलं, ते भावाने नंतर सांगितलं.

तो खुर्चीत बसला आणि एसी बंद पडला. संगणक मात्र धडधडत होते. खोली भट्टीसारखी तापली. त्याने स्वेटर काढून शेजारच्या खुर्चीवर टाकला.

मग त्या गोंगाटात त्याला आवाज आला. टक... टक टक...

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी टाइप करत होतं.

तो बघायला गेला. कोणी नव्हतं. परत आला.

स्वेटर नव्हता.

दाराला कार्ड लावलं. दार उघडेना. पुन्हा लावलं. धक्के दिले. दार हलेना.

संगणकाच्या पडद्यावर त्याचं स्वतःचं गणित थांबलेलं होतं. त्या जागी दुसरंच चालू होतं. मास्तरांच्या नावाने. तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या खात्यातून.

आणि तो कोपरा... भरत होता. एकेक मणी ओवावा तसा.

खाली एक ओळ उमटली.

"थांब. थोडंच राहिलंय."

दाराशेजारी एक लाल बटण होतं. ते दाबलं की सगळी वीज जाते आणि दार सुटतं. पण पंधरा दिवसांचं गणितही जातं. फोन त्या बटणाशेजारीच भिंतीवर होता. तिथूनच तो मला हे बटणाचं सांगत होता.

"मग दाब ना ते!" मी ओरडले.

फोनवर फक्त संगणकांची धडधड.

"अरे, ऐकतोयस ना?"

"ताई, सापडतंय गं... दोनच मिनिटं."

त्याचा आवाज जड झाला होता. झोपेत बोलावं तसा. असा आवाज मी त्याचा कधीच ऐकला नव्हता.

"ठोंब्या!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "बाबा वाट बघतायत. चुलीत गेलं तुझं प्रोटीन. दाब बटण!"



खट्... आणि फोन बंद पडला. समोरचा पडदाही काळा झाला.

मी आणि वॉचमन टॉर्च घेऊन धावत खाली गेलो. बोळात कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंची दारं कुलूपबंद. जिन्याने कोणी वर आलं नव्हतं. मी तिथेच तर बसले होते.

संगणकखोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यात भाऊ बसला होता. घामाने निथळत, नुसत्या शर्टावर.

बाबांना त्या दिवशी सहा वाजता घरी आणलं. 

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. एसी ठीक होता. दाराचं कुलूप ठीक. मास्तरांच्या नावाने काही चालल्याची कुठेच नोंद नव्हती. भावाचं गणित मात्र पार गेलं. करार संपला. आता तो कॉलेजात शिकवतो. आंघोळीला गेला तरी कडी लावत नाही. आम्ही बाहेरून खोकून जातो.

मी म्हटलं, संपलं एकदाचं.

गेल्या महिन्यात त्या वॉचमनचा फोन आला. नोकरी सोडली म्हणाला.

"का हो?"

"मॅडम, पडद्यावरचा तो माणूस अजून रोज दिसतो. चारच्या सुमाराला. तुमच्या भावाचा स्वेटर घालून. बोळातली दारं एकेक करून ढकलून बघतो. खाली गेलं की कोणी नसतं."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"परवा तो थांबला. वर कॅमेऱ्याकडे बघितलं..."

"मास्तर होते का?"



तो हळूच म्हणाला, "मॅडम... तुमचा भाऊ घरीच आहे ना?"

मी "हो" म्हणाले.

पण खरं सांगते... "हो" म्हणायच्या आधी मी आतल्या खोलीत जाऊन बघून आले.