डाव्या बाजूचं वजन

विनिताची पिकअप डावीकडे ओढते, ही तक्रार तिची नव्हतीच. माझी होती.

सोळा वर्षांची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी. मनोरीच्या वाळूतून होड्या ओढून, भाईंदरला मासळीच्या पेट्या पोचवून जेवढी खिळखिळी व्हावी तेवढीच झालेली. साकीनाक्याच्या माझ्या गॅरेजमध्ये ती विक्रीआधी तपासायला आली. पुढच्या महिन्यात विनिता आणि मी रजिस्टर लग्न करणार होतो आणि माझी एकच अट होती, धर्माची गाडी घरात नको. धर्मा म्हणजे तिचा पहिला नवरा. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. गेलेल्या माणसावर कसलं जळायचं, असं मला सगळे सांगायचे. मी जळत होतो.

"त्याला गाडी येतच नव्हती," विनिता सांगायची. "घेतली त्याने, चालवायची मी. तो आपला बाजूला बसून रिक्षावाल्यांना शिव्या घालायचा." आणि हसायची. माझ्या कुठल्याच गोष्टीवर ती तशी हसली नव्हती.

स्टिअरिंग भटकत असेल तर आमची पद्धत साधी आहे. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. कुठला सांधा ढिला आहे ते बोटांना कळतं. शेजारच्या अलाइनमेंटवाल्या चंद्रप्रकाशला आत बसवलं आणि मी खाली शिरलो. टाय रॉडचे दोन्ही एंड गेलेले होते, ते बदलले. किंगपिन बदलले. स्टिअरिंग बॉक्समधली ढिलाई काढली. तरी मरोळच्या रस्त्याला लागलं की गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. टायरमधली हवा सारखी होती, ब्रेक मोकळे होते. शेवटी चाकांवर गाडीचं वजन पेलणारे पुढचे-मागचे स्प्रिंगचे पाटेसुद्धा नवे टाकले.

"माझ्या हातात तर सरळ चालते रे," विनिता फोनवर म्हणाली.

ते मला झोंबलं.

मग चंद्रप्रकाशने गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

"बाजूला बसलाय त्याला उतरव ना, माणिकभाई," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "वजन पडतंय, रीडिंग हलतंय."

केबिनमध्ये कोणीच नव्हतं. त्याने मान वर करून पाहिलं, आणि मशीन बंद केलं.

गाडी परत गॅरेजमध्ये आणून मी टेप लावली. जमिनीपासून मडगार्डपर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली होती. नव्या पाट्यांवर. डावं दार उघडून मी सीटवर हात ठेवला. गाडी सकाळपासून सावलीत होती.

सीट गरम होती.

"उतर," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. "तुझं संपलंय. आता ती माझी आहे."

काहीच झालं नाही.

रविवारी विनिता गाडीचे कागद घेऊन आली. मी पुन्हा मापं घेत होतो. ती आत बसली, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि खाली उतरली.

"विकून टाक," ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं होऊ दे. मी निघते, मार्वेहून मनोरीला घरी जायची बोट गाठायचीय."

ती मेट्रोच्या जिन्याकडे वळली. मी टेप धरून बसलो होतो.

पाटा बारीकसा करकरला.

डावी बाजू वर आली. दार उघडलं नव्हतं.

मी पुन्हा मोजलं. दोन्ही बाजू सारख्या.

गाडी मरोळपर्यंत नेली. रस्ता मोकळा बघून स्टिअरिंगवरचे हात काढले. गाडी आखल्यासारखी सरळ गेली. मी जिंकलो, असं तिथपर्यंत तरी मला वाटत होतं.

संध्याकाळी फोन केला. "पोचलीस ना?"

"कधीच. बोट केवढी भरलेली होती, माहितीय? लोक उभे होते. आणि माझ्या बाजूची जागा रिकामी. शेवटपर्यंत कोणी बसलंच नाही."

तिचा आवाज खुशीत होता. मला बरं वाटायला हवं होतं.

"मग ऐसपैस बसून गेलीस म्हणायची," मी म्हणालो.

"छे रे," ती म्हणाली. "मी तर कडेला चेपून बसले होते."