सायीची कमान

युसूफचाचांच्या दुकानात बाटल्या धुवायचे शेवटचे दोनच ब्रश उरले होते, आणि ते दोन्ही एका अनोळखी तरुणाच्या हातात होते!

वर्षाराणी धापा टाकत पायरीवर थांबली. ओढणी खांद्यावरून घसरलेली, कपाळावर घाम… अख्खा धर्मापुरीचा बाजार पालथा घालून ती इथवर आली होती.

"चाचा, अजून न्हाईत का?"

"न्हाई बेटा. यांनी आत्ताच घेतले." चाचांनी त्या तरुणाकडं बोट दाखवलं. "आप्पारावांचा भाचा हाय, अभिमन्यू. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, बसस्टँडपाशी."

त्यानं वळून पाहिलं. गालावर ग्रीसचा डाग, आणि डोळे हसरे. नको तितके हसरे.

"घरात बाटल्या लई झाल्यात का?" त्यानं विचारलं.

"बाटल्यांसाठी न्हाई. मांजरीसाठी पाहिजेत."

"मांजर धुता? तेबी ब्रशनं?"

चाचा फिसकन हसले. वर्षाराणीचे कान तापले.

"धुवायला न्हाई वो! कमान करायचीय. मांजर त्यातून जाणार, अंग घासणार, गळके केस ब्रशला लागणार. मोबाइलवर बघितलंय मी. पण तुमाला कावून सांगू? तुमी तुमच्या मोटारीच घासत बसा!"

ती फणकाऱ्यानं वळली. चार पावलं गेली असेल, तोच मागून हाक आली.

"अहो… थांबा की!"

दोन्ही ब्रश तिच्यापुढं धरून तो उभा होता. "मोटारीतला गाळ जुन्या टूथब्रशनंबी निघतो. हे घ्या. पण एक अट हाय. कमान करताना मला बोलवायचं."

"आन् न्हाई बोलवलं तर?"

"तर न बोलवता येईन," तो म्हणाला.

आणि का कोण जाणे, तिला राग यायचा तो आलाच नाही.

राग धरायला तिला फुरसतही नव्हती म्हणा. वर्षाराणी ब्लाउज शिवायची. हात असा सफाईदार, की लग्नसराईत शेजारच्या गावांहून बाया तिचं घर शोधत यायच्या. आणि शिलाई मशीनखाली, तिच्या पायांपाशी, दिवसभर साय झोपायची. साय म्हणजे पांढरीशुभ्र, झुपकेदार मांजर. डोळेही उघडले नव्हते तेव्हा वर्षाराणीनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. पण यंदा उन्हाळा लागला आणि सायीचे केस असे गळू लागले, की घरभर जणू सावरीची म्हातारीच उडायची. फणी दिसली रे दिसली की ती चावायची.

त्यात कौशल्याबाईंच्या लेकीचा लग्नातला ब्लाउज… गर्द जांभळ्या मखमलीचा! कसा झालाय ते बघायला म्हणून कौशल्याबाई आल्या, त्यांनी तो उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पोरी, हे ब्लाउज हाय का मांजराचं कातडं? रविवारी येते. एक केस दिसला तर घेणार न्हाई बघ."

त्या गेल्यावर आई, सावित्रीबाई, शांतपणे म्हणाली, "रविवारपत्तूर केस थांबले तर ठीक. न्हाई तर साय मामाच्या शेतात."

मामाच्या शेतात तीन कुत्री होती.

ब्रश मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अभिमन्यू खरंच आला. खांद्याला पिशवी, पिशवीत ड्रिल मशीन, स्क्रू आणि तारांवर चढवायच्या मऊ नळीचे तुकडे. सावित्रीबाई उंबऱ्याशी तूर निवडत बसली. तिची एक नजर सुपात होती आणि एक या दोघांवर.

"पाया कशाचा करायचा?" त्यानं विचारलं.

वर्षाराणीनं पाय निखळलेला जुना पाट पुढं केला. त्यावर तिनं तरटाचा तुकडा ताणून चिकटवला होता, सायीला नखं घासायला. ब्रशांचे केस टोचतील म्हणून ते रात्रभर गरम पाण्यात घालून तिनं मऊ केले होते.

"सगळं तर तुमीच केलंय," तो म्हणाला. "मी कशाला आलो मग?"

"भोकं पाडायला."

त्यानं पाटाला दोन भोकं पाडली आणि दांड्या खालून घट्ट आवळल्या. तिनं वरची टोकं वाकवून एकमेकांत गुंफली. तारेची टोकं सायीला लागू नयेत म्हणून त्यानं त्यांवर नळी चढवली… फार हलक्या हातानं, जणू तान्ह्या बाळाला झबलं घालतोय. वर्षाराणी बघतच राहिली.

"धरा नीट. सोडलं तर कमान उघडंल," तो म्हणाला.

"धरलंय की."

"कमान न्हाई… माझं बोट धरलंय तुमी."

तिनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. कमान टणकन उघडली, आणि सुपातली तूर निवडता निवडता सावित्रीबाई उगाचच खोकली.

संध्याकाळपर्यंत कमान उभी राहिली. साय आली. तिनं वास घेतला. दोघांनी श्वास रोखले… आणि सायीनं एक डौलदार उडी मारली, कमानीच्या वरून! थेट कपड्यांच्या ढिगावर जाऊन बसली.

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "संपलं. उद्या शनिवार."

"संपलं कसं?" अभिमन्यू तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "मोटार चालू झाली न्हाई तर आमी मोटार फेकत न्हाई. पाणी कुठून येतं, ते आधी बघतो. सांगा, ही साय दिवसभर जाते कुठून, येते कुठून?"

वर्षाराणीनं डोळे पुसले. विचार करता करता तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"मशीन आन् भिंतीच्या मधून! माझ्या पायापाशी यायला रोज तिथूनच घुसते ती!"

ती ताडकन उठली. दोघांनी मिळून पाट उचलला, त्या अरुंद फटीत सरकवला. वर्षाराणी मशीनवर बसली आणि रोजच्यासारखी पायडल मारू लागली. खड् खड् खड्… अभिमन्यू भिंतीला टेकून पुतळ्यासारखा उभा.

ढिगावरनं साय उठली. आळस दिला. फटीपाशी आली, थबकली, आणि शिरली आत! ब्रश पाठीवरून फिरताच तिची शेपटी ताठ झाली. ती पुढं गेली, उलटी वळली, परत शिरली. मग गाल घासले, मान घासली, पोट घासलं. घरभर घुर्र घुर्र ऐकू येऊ लागलं.

"बघा… बघा ना!" वर्षाराणी कुजबुजली. ब्रशवर पांढऱ्या केसांचा गुंता जमला होता.

अभिमन्यू मात्र ब्रशकडं बघतच नव्हता.

शनिवारभर साय कमानीतून येरझाऱ्या घालत राहिली. वर्षाराणीनं घर तीनदा ओल्या फडक्यानं पुसलं, मखमल झटकून धुतल्या चादरीत गुंडाळली. रविवारी कौशल्याबाईंनी ब्लाउज उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाल्या, "धाकटीचंबी तूच शिव बाई."

सावित्रीबाई उठली. सायीच्या वाटीत दूध ओतून आली.

त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर अभिमन्यू आला. पिशवी नव्हती. गालावर ग्रीसही नव्हतं. शर्टाला इस्त्री होती.

"साय कशी हाय?"

"झोपलीय."

"बरं…" तो उंबऱ्यातच घुटमळला. "ते… आईचा फोन आलता, घाटनांदूरहून. मंगळवारी परळीला एक मुलगी बघायला जायचं म्हणतीय."

वर्षाराणीच्या हातातली सुई थांबली. "मग? जा की."

"जाऊ?"

"मला कावून इचारता?"

"तुमालाच इचारायचंय म्हणून." त्याचा आवाज खाली आला. "तुमी 'जा' म्हणलात तर जाईन. पण बाजारात तुमी फणकारून वळलात ना… तवापासून माझं कामात ध्यान न्हाई. दोन मोटारी उलट्या जोडल्यात मी."

तिला हसू आलं. सुईत दोरा ओवायचा खटाटोप तिनं दोनदा केला. दोन्हीदा दोरा चुकला.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"…जाऊ नका."

अभिमन्यूनं तिच्याकडं बघत खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच उभ्या उभ्या नंबर लावला. "आई? मुलगी बघू मंगळवारी. पण परळीला न्हाई… इथं, धर्मापुरीला."

पलीकडचा आवाज वर्षाराणीपर्यंत खणखणीत पोचला. "धर्मापुरीला? कोण मुलगी हाय रं तिथं?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं.

वर्षाराणी उठली. ओढणी सावरली, दोन पावलं पुढं आली आणि त्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"मी हाय," ती म्हणाली. "वर्षाराणी."